घोंगड्याखालची निळी ठिणगी

सांगलीच्या होस्टेलातल्या गड्यांनो, हे सगळे मिळून वाचा. आज दुपारी साताऱ्यात मी लय मोठं काम केलंय.

इथल्या एका कॅप्टनसाहेबांची जुनी, दोनच सीटची स्पोर्ट्स कार महिनाभर मिसिंग मारत होती. उभी असली की इंजिन शहाण्यासारखं चालायचं, चढ लागला की झटके द्यायचं. दुरुस्तीला मी रोज त्यांच्या बंगल्यावर जायचो, चिडून तीनदा कार्बोरेटर खोलला. सकाळी साहेब म्हणाले, "कॉलेज अर्धवट सोडलंस, आता हेही सोड. उद्या गाडी पुण्याला धाडतो."

डोकं सणकलं. पण त्याच बंगल्यात त्यांची मुलगी शालिनी राहते. गाडी गेली की माझं जाणं संपलं.

मग सुचलं, प्लगमधली ठिणगी वाटेतच चुकीच्या जागी उडत असेल तर ती उजेडात दिसणार कशी? माळ्याचं घोंगडं घेतलं आणि डोक्यासकट इंजिनावर पांघरलं. इंजिन चालू करून शालिनीला सीटवर बसवलं आणि म्हटलं, "दाबा पॅडल."

"आत गुदमरलात तर बाबांना काय सांगू?"

"गाडी बरी झाली म्हणून सांगा."

तिनं पॅडल दाबलं. चढावर हलतं तसं इंजिन हललं, एका प्लगची वायर लोखंडाला टेकली आणि निळी ठिणगी उडाली. वायर तिथंच घासून उघडी पडली होती.

वायर बदलून साहेबांना शेजारी बसवलं. गावाबाहेरच्या बोगद्याचा चढ एका दमात चढलो. एक झटका नाही.

साहेबांनी पाठ थोपटली. "शाबास. आता तुला रोज यायला नको."

गड्यांनो, उद्या कुठल्या निमित्तानं जाऊ, तेवढं उलट टपाली कळवा.