गाळलेली स्लाइड

ती स्लाइड मी मुद्दाम गाळली होती. हे मी परवापर्यंत कोणाला सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही.

बोरिवलीच्या एका कॉलेजात मी भूगोल शिकवतो. शिवाय शोधनिबंध कसा मांडायचा, संदर्भ कसे द्यायचे, याचं वर्कशॉप दरवर्षी घेतो. मार्जिन, फॉन्ट, स्वल्पविराम कुठे, तारीख कुठे, सगळं तोंडपाठ. स्वतःचा धड निबंध मात्र एकही नाही. स्टाफरूममध्ये हे सगळ्यांना माहीत होतं, पण कोणी बोलायचं नाही. न बोलण्याचा जास्त त्रास व्हायचा.

मग तेजल आमच्या विभागात शिकवायला आली. वेसाव्याची कोळ्याची पोरगी, माझ्याहून वीसेक वर्षांनी लहान. पहिल्याच वर्षी तिने खाडीच्या चिखलावर निबंध लिहायला घेतला. आमच्या विभागप्रमुख देसाई मॅडमनी तो वाचला आणि मला बोलावलं.

"सावंत, तिला जरा फॉरमॅटिंग दाखवा. बाकी तिचं उत्तमच आहे."

बाकी उत्तमच. हे शब्द मी घरी मुलुंडपर्यंत चघळत गेलो.

त्या निबंधाचा कणा होता तिच्या आत्याचं, हिराबाईंचं एक वाक्य. ते मी स्वतः ऐकलं होतं. तेजलने विद्यार्थ्यांना खाडीवर नेलं तेव्हा मीही होतो. हिराबाई ढोपरभर चिखलात उभ्या राहून निवट्यांची बिळं दाखवत होत्या. निवटी म्हणजे चिखलावर उड्या मारत चालणारा छोटा मासा.

"चिखल वरतून घट्ट व्हायला लागला ना, की पयली निवटी जाते," त्या म्हणाल्या. "लोकांना दिसतंय तेवा लय उशीर झालेला असतो. निवटीमागं चिंबोरी जाते. मग आमी."

मुलं लिहून घेत होती, चिंबोरीपुढे कंसात खेकडा. वर येऊन पाय धुताना हिराबाईंनी मला विचारलं, "मास्तर, पोरगी लिवते त्यात माजं नाव येनार ना?"

"येणार की," मी म्हणालो.

माझे बाबा गिरणीत कताई खात्यात होते. सकाळी दारात उभे राहून हवा अंगावर घ्यायचे आणि म्हणायचे, "आज धागो तुटाचो नाय." हवेत दमटपणा असला की धागा कमी तुटतो. मी भूगोल शिकलो, दमटपणा मोजायला शिकलो, पण बाबांचं ते वाक्य कुठे लिहावं असं मला कधी सुचलं नाही. घरचं बोलणं घरात, अभ्यास पुस्तकात. आणि ही पोरगी आत्याला सरळ निबंधात उभी करत होती. मला तिचा राग नव्हता. तिच्या जागी मी का नाही, याचा होता.

आता तांत्रिक भाग, सोपा आहे. पुस्तकातून काही घेतलं की मजकुरात कंस करून लेखकाचं नाव आणि वर्ष द्यायचं, आणि शेवटी यादीत पूर्ण तपशील. पण कोणी तोंडी सांगितलं असेल तर? त्याचीही रीत आहे. कंसात त्या माणसाचं नाव, 'प्रत्यक्ष संभाषण' आणि तारीख. यादीत टाकायचं नाही, कारण वाचणाऱ्याला ते कुठे शोधून सापडणार नसतं. माझ्या वर्कशॉपमध्ये यावर एक स्लाइड होती. त्या वर्षी तेजल पहिल्या बाकावर बसली होती. मी ती स्लाइड काढून टाकली.

नंतर ती आलीच. "सर, आत्याचं नाव कसं टाकू?"

"घरच्यांचं बोलणं सोर्स होत नाही गं."

"मग काय करू? मुद्दा तर तिचाच आहे ना."

"तो खाडीचा सरकारी रिपोर्ट आहे ना, तो टाक. चिखलातल्या जीवांवर एक चॅप्टर आहे त्यात."

"पण सर, त्यात निवट्यांचं असं कुठे आहे?"

"त्याच अर्थाचं आहे. चालतं."

तिने वहीत रिपोर्टचं नाव लिहून घेतलं. "तुम्ही म्हणता म्हणजे ठीकच असेल."

निबंध छापून आला. चांगल्या जर्नलमध्ये. कौतुक झालंच, म्हणजे आत्याचं नाव काढलं की निबंध फिका पडेल हा माझा नेमही चुकला. तेजलने स्टाफरूममध्ये पेढे वाटले आणि हसत हसत सांगितलं, "आत्याला मराठीत वाचून दाखवला, सर. म्हणते, माजं नाव कुठंय? म्हटलं, तशी पद्धत नसते. तर म्हणते, तो रिपोर्टवाला कदी चिखलात उतरलेला काय गं?"

सगळे हसले. मीही हसलो. पेढा मी कागदात गुंडाळून ड्रॉवरमध्ये ठेवला.

यंदा माझ्याकडे एमएची एक विद्यार्थिनी आहे, श्रुती. तिच्या प्रबंधात तेच निवटीचं वाक्य आलं, पुढे तोच रिपोर्ट.

"मूळ रिपोर्ट वाचलास?" सवयीने विचारून बसलो.

"नाही सर, तेजल मॅडमच्या पेपरातून घेतलं."

"मूळ वाचल्याशिवाय टाकायचं नाही." हेही सवयीने.

दोन दिवसांनी ती परत आली. "सर, वाट लागली. रिपोर्टमध्ये निवटीचा न सुद्धा नाही. मॅडमनी मनानेच ठोकून दिलं काय? मी तसं तळटीपेत लिहू?"

तेव्हा मला कळलं, मी नक्की काय केलं होतं. हिराबाईंचं नाव तर गेलंच होतं, आता तेजलवर खोट्या संदर्भाचा ठपका येणार होता. आणि माझं नाव कुठेच नव्हतं.

"काही लिहू नकोस," मी म्हणालो. "मॅडमची चूक नाही. ती माझी आहे."

मी तिला ती स्लाइड काढून दाखवली. जुन्या फाइलमध्ये होती अजून.

संदर्भाचा नियम अगदी साधा आहे. ज्याच्याकडून घेतलं त्याचं नाव. स्वल्पविराम वगैरे नंतर. वर्षानुवर्षं मी नंतरचंच शिकवत आलो.

जर्नलमध्ये दुरुस्ती छापता येते, पण ती लेखिकेने मागावी लागते. म्हणून हा मजकूर आधी तेजलच्या हातात देणार आहे. ती काय म्हणेल ते ऐकून घेईन. त्यानंतर वेसाव्याला जायचंय.

हिराबाई तांडेल, प्रत्यक्ष संभाषण, आणि पुढे तारीख. एवढा एक कंस माझ्याकडून येणं बाकी आहे.