पुसलेल्या निगेटिव्ह

माझे सासरे फोटोग्राफर. पन्नास वर्षं एकाच स्टुडिओत, लोकांना स्टुलावर बसवून "हनुवटी जरा खाली" म्हणत आले. त्यांच्या आयुष्यभराच्या कामाचं प्रदर्शन भरवायचा घाट मीच घातला. जुन्या निगेटिव्ह काढल्या, तर चेहऱ्याचेहऱ्यावर बारीक काळपट रेघोट्या. मळ असणार, असं मी परस्पर ठरवलं. महिनाभर कापूस नि स्पिरिट घेऊन दोनशे निगेटिव्ह लख्ख पुसल्या आणि वर सासऱ्यांना पत्ता लागू न देता घरभर मिरवलं.

तो मळ नव्हता. बाबा रोज दुपारी भिंग लावून, टोकदार पेन्सिलीनं निगेटिव्हवर त्या रेघा मारत. जिथं रेघ, तिथला वण, तीळ, सुरकुती छापलेल्या फोटोतून गायब! "माझ्या दारातून कुणी कुरूप बाहेर पडलेलं नाही," हा त्यांचा आयुष्यभराचा तोरा.

त्यांना चकित करायचं म्हणून छापलेले फोटो मी दाखवलेच नव्हते. उद्घाटनाच्या तासभर आधी ते हॉलमध्ये आले आणि पहिल्याच भिंतीपाशी थबकले.

"सूनबाई, हे काय केलंत? अतिशहाणा त्याचा बैल रिकामा!"

"काय झालं, बाबा?"

त्यांनी सांगितलं तेव्हा माझ्या तोंडचं पाणी पळालं. फोटोतली निम्मी माणसं आज स्वतः येणार होती. ज्यांना देखणं करून पाठवलं, त्यांनाच भरसभेत उघडं पाडायचं? "उतरवा सगळं," बाबा म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण उतरवणार कधी? माणसं आलीसुद्धा.

पहिले आले निवृत्त पोस्टमन, सपत्नीक. स्वतःच्या फोटोवरचे देवीचे वण बघून त्यांनी गालावरून हात फिरवला. बाबा माफी मागायला पुढे सरसावले, तेवढ्यात पोस्टमनच्या पत्नी कडाडल्या, "हा बघा माझा नवरा! तुमचा तो फोटो बघून मी होकार दिला, आणि घरात भलताच माणूस आला. चाळीस वर्षं शोधतेय त्या गुळगुळीत गालांच्याला!" हॉलभर हशा पिकला. पोस्टमन सगळ्यात मोठ्यानं हसले. मग ज्याला त्याला आपापला खरा चेहरा शोधायची घाई झाली.

एक पन्नाशीच्या शिक्षिका मात्र एका तरुण बाईच्या फोटोपुढून हलेचनात. ही त्यांची आई. बाई जेमतेम वर्षाच्या असताना ती गेली. घरात तिचा एकच फोटो, बाबांच्याच स्टुडिओत काढलेला. शिक्षिकाबाईंनी बाबांना हाक मारली.

"हा ओठाखालचा तीळ खरा आहे?"

बाबांनी मान खाली घातली. "खरा आहे. मीच घालवला होता. चुकलं माझं."

बाईंनी स्वतःच्या ओठाखाली बोट ठेवलं. तिथं तसाच तीळ होता, अगदी त्याच जागी. "लहानपणापासून वाटायचं, माझ्यात तिचं काहीच नाही," म्हणाल्या आणि रडता रडता हसायला लागल्या. माझेही डोळे भरून आले, लपवायचं कशाला!

बाबांनी स्वतः स्टूल ओढलं, वर चढले, फ्रेम उतरवली आणि बाईंच्या हातात दिली.

त्या जागी दुसरा फोटो लावू का, असं मी विचारलं. नाही म्हणाले. पुढचे आठ दिवस येणाऱ्या प्रत्येकाला ते आधी त्या रिकाम्या खिळ्यापाशी नेत आणि म्हणत, "हा माझा सगळ्यात चांगला फोटो. सुनेनं काढलाय."