सव्वासहाची जीप

आमच्या वाडीतल्या शहाण्या माणसांचा एक नियम होता. वडापाच्या रिकाम्या जीपमध्ये पहिलं कुणी बसायचं नाही. जीप भरल्याशिवाय हलत नाही, म्हणजे जो आधी बसला तो सगळ्यात जास्त ताटकळला. म्हणून सगळे चहाच्या टपरीवर उभे. ड्रायव्हर माणसांची वाट बघतोय, माणसं माणसांची वाट बघतायत, आणि तिकडं कारेगावच्या कंपन्यांचे भोंगे वाजून जातायत.

या शहाण्यांत बाळासो मामा एकटे वेडे निघाले. त्या वेड्याचं मी आज तोंडभरून कौतुक करणार आहे, कुणाला झोंबलं तर झोंबू दे.

ते माझे सख्खे मामा नव्हेत. सासरच्या गावातलं वडीलधारं माणूस, म्हणून मामा. बोलणं मुळात कमी, त्यात तोंडात तंबाखू, त्यामुळं निम्मं कळतच नाही. आधी पुण्याकडं कुठल्याशा कंपनीची बस चालवायचे. गुडघा धरला तशी जुनी जीप घेऊन गावी आले आणि बाकीच्यांसारखंच वडाप करू लागले. भरेपर्यंत थांबायचं, मागं माणसं लोंबकळली की निघायचं.

मी शितल, आयटीआय केलेली. लग्नानंतर कारेगावच्या एका कंपनीत ट्रेनी म्हणून लागले, पण सुखासुखी नाही. माझे सासरे आनंदराव म्हणजे वाडीतलं मोठं बागायती घर, सोसायटीचे चेअरमन. सगळा गाव त्यांना आबा म्हणतो. आपल्या घरची सून दुसऱ्याच्या गेटवर जाणार, हे त्यांच्या घशाखाली उतरेना. शेवटी म्हणाले, "जा. पर त्यांनी काढून टाकलं तर पुन्यांदा नोकरीचं नाव काढायचं न्हाई." कंपनीचं त्याहून कडक. सातला गेट बंद, आणि तीनदा उशीर झाला की ट्रेनीचं नाव कमी. पहिल्याच महिन्यात वडापानं मला दोनदा गेटाबाहेर ठेवलं. दुसऱ्यांदा जीप बाळासो मामांचीच होती. "आता तिसऱ्यांदा झालं की नाव कमी" म्हणत मी गेटाच्या जाळीला धरून रडत होते, आणि मामा गाडी वळवायची सोडून माझ्याकडं बघत बसले होते.

त्याच संध्याकाळी ते टपरीवर येऊन म्हणाले, "उद्यापासनं गाडी सव्वासहाला हलणार. भरू दे न्हाईतर न भरू दे."

लोक हसले. "बाळासो, डिझेल काय विहिरीतनं उपसतोस व्हय?"

आणि सकाळी वाडीनं आपल्या स्वभावाला शोभेल तेच केलं. सगळे कप धरून जीपकडं बघत राहिले. कुणी बसतंय का, मग आपण बसू. सव्वासहाला मामांनी खरंच गिअर टाकला. आत मी, आणि मेथीच्या जुड्या घेऊन साखरबाई. बाकीचे जागच्या जागी, चहा हातातच. दुसऱ्या दिवशी तीच गत. मामांच्या कारभारीण वच्छलाबाई पारावर सगळ्यांदेखत म्हणाल्या, "रिकामी गाडी फिरवायची एवढी हौस हाय, तर गणपतीत फिरवा. मिरवणूक तरी हुईल." मामा नुसते हसले. मला मात्र जाताना म्हणाले, "गाडी भरत न्हाई म्हणून आमी थांबतो, आन् आमी थांबतो म्हणून माणसं चढत न्हाईत. कुणीतरी आधी थांबणं सोडाय पायजे न्हवं?"

हळूहळू वाडी घड्याळावर आली. भरवसा बसला तशा दुसऱ्याच्या रानात भांगलणीला जाणाऱ्या बायका एकेक करून कंपनीच्या कामाला निघाल्या. साखरबाईची मेथी आधी दुपारपर्यंत पोत्यातच सुकायची. आता कारेगावच्या खोल्यांतली बिहारची पोरं ड्युटीच्या आधीच "मौसी, ताज़ी है ना?" म्हणत उचलतात. मुली कारेगावातून एसटी धरून शिरूरच्या कॉलेजला जाऊ लागल्या, कारण पोरगी कधी निघणार आणि कधी परतणार हे बापांना कळायला लागलं. पोटुशी बाई तपासणीला जाते आणि जेवायच्या वेळेला घरी असते. डांबरी रस्ता तर आमच्याकडं कधीचाच होता हो. त्यानं झालं नाही ते वेळेवर सुटणाऱ्या एका खटाऱ्यानं केलं. हे कुणी सभेत सांगत नाही, म्हणून मी सांगते.

मग एका सोमवारी आबांना पुण्याला सभेला जायचं होतं. त्यांची मोटार गॅरेजला, म्हणून कारेगावपर्यंत जीपनं जाणार होते. आबांसाठी आमच्याकडं लग्नाचा मुहूर्तसुद्धा थांबलेला आहे. सव्वासहा झाले तेव्हा ते लांब गल्लीच्या तोंडाशी कुणाशीतरी बोलत उभे होते. त्यांनी तिथूनच हात वर केला, थांब म्हणून, आणि पुन्हा बोलायला लागले.

वाटेत पुलाचं काम चाललेलं, हातात जास्तीचा वेळ नव्हता. थांबलो तर माझं नाव कंपनीतून कमी. नाही थांबलो तर घरी माझं काय होईल ते देवालाच ठाऊक. आणि मामांची जीप ज्या चिंचेखाली उभी राहायची, ती जागाही आबांचीच. मामांनी माझ्याकडं वळूनसुद्धा बघितलं नाही, काही विचारलं नाही. विचारलं असतं तर सासऱ्याला टाकून जायचं पाप माझ्या माथी आलं असतं. त्या माणसानं ते स्वतःच्या माथी घेतलं, गिअर टाकला आणि आम्ही निघालो. एवढं मोठं मन मी माझ्या नात्यागोत्यातसुद्धा बघितलेलं नाही.

वॉचमन गेट ओढत असतानाच मी आत शिरले. दिवसभर हात मशीनवर होते आणि जीव घरी.

संध्याकाळी जीप वाडीत आली, तर चिंचेखाली आबा उभे. बायका उतरून तिथंच घुटमळल्या.

"माझ्यासाठी थांबला न्हाईस व्हय रं, बाळासो?"

मामा गुडघा धरत खाली उतरले. "न्हाई आबा. दोन उशीर झाल्यात सूनबाईचे. तिसऱ्याला नाव कमी करत्यात. थांबलो असतो तर तुमच्याच घरची लक्ष्मी गेटाबाहेर राहिली असती."

आबांना यातलं काही माहीत नव्हतं. घरी सांगायची माझी छातीच झाली नव्हती. ते माझ्याकडं बघत राहिले, मग मामांकडं, आणि घराकडं चालू लागले. मी जीव मुठीत धरून मागं.

घरात शिरल्या शिरल्या त्यांनी माझ्या सासूबाईंना, साळूबाईंना, हाक मारली.

"अगं, उद्यापासनं सकाळच्या भाकरी तू थाप. पोरगी सव्वासहाच्या आत गाडीत पायजे. ती गाडी कुणाच्या बापासाठी थांबत न्हाई."