काकांच्या आवाजाला बसेल असा ॲम्प्लिफायर

आमचे थोरले काका मोटारसायकलवरून पुकारा करतात. म्हणजे करायचे. मागच्या सीटवर लोखंडी पट्ट्यांचा स्टँड, त्यावर एक पुढे आणि एक मागे तोंड केलेले दोन कर्णे, गळ्यात माइक आणि बाजूच्या डब्यात ॲम्प्लिफायर. उद्या पाणी येणार नाही, अमुक वारले, कोणाची म्हातारी वाट चुकली आहे, कापडाच्या दुकानात सेल लागला आहे, हे सगळं गावाला काकांच्या तोंडून कळायचं. निवडणुकीत ते सकाळी एका उमेदवारासाठी आणि दुपारी जेवून उठल्यावर त्याच्या विरोधकासाठी सारख्याच कळवळ्याने मतं मागायचे, आणि आपल्या वेळी आवाज जरा जास्त लागला होता असं दोघांनाही वाटायचं. गाव त्यांना रेडिओ म्हणतं. काकूला ते पसंत नाही. तिचं म्हणणं, रेडिओला निदान बटण असतं.

मागच्या हिवाळ्यात हा आवाज बसला. सर्दी असेल म्हणून गुळण्या झाल्या, वाफारे झाले, शेजाऱ्यांनी सुचवलेले सगळे काढे झाले. शेवटी घशाच्या डॉक्टरांनी नाकातून नळी घालून बघितलं. आवाजाचे दोन पडदे असतात, त्यातल्या एकाची नस मेली आहे, म्हणाले. दाराची एकच झडप लागते, दुसरी जागची हलत नाही, मग मधून नुसती हवा जाते. घरातल्या घरात कुजबुजण्यापुरतं चालेल, पुकाऱ्याचा आवाज मात्र परत येणार नाही. हे त्यांनी चांगलं दोनदा सांगितलं, कारण काका पहिल्या वेळी खिडकीबाहेर बघत होते. दुसऱ्या वेळीही तिकडेच बघत होते.

घरी आल्यावर काकांनी आपला निष्कर्ष काढला. आवाज लहान झालाय ना, मग मशीन मोठं घ्यायचं. हिशोब इतका सरळ होता की त्यात चूक कुठे आहे ते दाखवणं अवघड होतं. मी इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाची दोन वर्षं पूर्ण केली आहेत. तिसरं माझी वाट बघतंय. तेवढ्या भांडवलावर मी आमच्या घरातला तज्ज्ञ असल्यामुळे ॲम्प्लिफायर निवडायचं काम माझ्याकडे आलं. काकूने एवढंच म्हटलं, "रोग म्हशीला आणि औषध पखालीला."

काकांनी तिला कुजबुजून विचारलं, म्हैस कोण? काकू म्हणाली, ओळखा.

गाड्यांना साउंड बसवणारं दुकान बाजाराच्या मागच्या रस्त्यावर आहे. बाहेर कायम पोरांच्या मोटारसायकली उभ्या असतात. एकीच्या टाकीवर स्पीकर, एकीच्या सीटखाली निळे दिवे, एकीला आरसे नाहीत पण चार छोटे ट्वीटर स्पीकर आहेत. दुकानदार चाळिशीचा, बारीक, स्वतः मात्र सायकलवर येणारा. त्याने काऊंटरवर खोकी मांडली. काकांनी सगळ्यात मोठा आकडा छापलेलं खोकं जवळ ओढलं. मी त्यांना समजावलं की खोक्यावरचे वॉट म्हणजे संध्याकाळची सावली. माणूस पाच फुटी आणि सावली वीस फुटी. खरा आकडा आत कागदावर बारीक अक्षरात असतो. शिवाय मोटारसायकलची बॅटरी जेवणाच्या डब्याएवढी, ती काय काय पोसणार? हेडलाइट, हॉर्न आणि वर हा राक्षस? तेव्हा कमी तापणारा, कमी करंट खाणारा घ्यावा आणि त्याचं गणित कर्ण्यांशी जुळवावं. मी बराच वेळ बोलत होतो. काकांनी कुजबुजून विचारलं, "या विषयात तू पास झाला होतास का?"

झालो होतो. काठावर.

मग दुकानदाराने एक बेताचा, चांगला ॲम्प्लिफायर जोडला आणि माइक काकांपुढे धरला. बाहेर पोरं उभी होती. काकांनी माइक घेतला, त्यावरची जाळी अंगठ्याने पुसली आणि तो माझ्या हातात दिला. मी एक-दोन-तीन म्हटलं. कर्णा खणखणीत वाजला. पलीकडच्या चहावाल्याने मान वर केली. काका डोळे मिटून ऐकत होते, मान हलवत होते, कमी कर, वाढव, असं बोटाने सांगत होते. माझा आवाज साफ आहे, पण लोकांनी हातातलं काम टाकून दारात यावं असं त्यात काही नाही. तरी त्या दिवशी तो ऐकून काका खूश झाले आणि हाच बांधा म्हणाले. अशा रीतीने काकांच्या आवाजासाठी लागणारा ॲम्प्लिफायर माझ्या आवाजावर निवडला गेला, आणि हे विचित्र आहे असं तिघांपैकी एकालाही वाटलं नाही. किंवा वाटलं असेल, पण कोणी बोललं नाही.

दोन दिवसांनी पाणीपुरवठ्याच्या ऑफिसातून पुकारा आला. काकांनी धुतलेला शर्ट घातला आणि गाडी काढली. मी मागून सायकलवर गेलो. पहिल्याच गल्लीत कळलं की मशीन आपलं काम अगदी प्रामाणिकपणे करतंय. काकांच्या घशातून येत होती हवा, आणि मशीन ती हवा चौपट करून देत होतं. फुस्स, खर्र, मध्ये 'उद्या', पुन्हा खर्र, आणि श्वास घेतल्याचा प्रचंड आवाज, जसं कोणी डोंगराएवढं माणूस जिना चढतंय. बायका दारात आल्या आणि एकमेकींना विचारू लागल्या. पिठाच्या गिरणीवाल्याने पट्टा थांबवून ऐकलं. काका त्याच्यासमोर थांबले तेव्हा तो म्हणाला, "रेडिओ, सेट खराब निघाला तुमचा. बदलून घ्या."

माणूस भला. पण त्या एका वाक्याने काकांना किती दिवस पुरेल एवढं खायला घातलं, ते त्याला माहीत नाही. पुढे सगळ्यांनीच तेच म्हटलं. सेट खराब. वायर लूज असेल. तुमचा आवाज काय, वाघाचा आवाज, पण मशीनने घात केला. काका घरी आले ते जवळजवळ आनंदात. दुसऱ्या दिवशी पाणी आलं नाही तेव्हा अर्ध्या गावाने रिकाम्या बादल्या घेऊन पाणीपुरवठ्याला शिव्या दिल्या.

दुकानदाराने तक्रार न करता ॲम्प्लिफायर परत घेतला आणि काकांनी आधी ओढलेलं ते मोठ्या आकड्याचं खोकं दिलं. मी विरोध केला, तो काकांनी हात हलवून बाजूला सारला. त्या मशीनने काकांचा श्वास आणखी मोठा झाला. चौकात गाडी थोडा वेळ एका जागी उभी राहिली, तर हेडलाइट पिवळा पडला, आणि थोड्या वेळाने बॅटरी इतकी बसली की गाडी ढकलत आणावी लागली. मी ढकलत होतो. काका हँडल धरून पुढे बघत चालत होते, मोठ्या इभ्रतीने, जसा वरातीतला घोडा गाडीच्या पुढे असावा.

मग घरात जुना आवाज शोधायची टूम निघाली. काकांचा एखादा पुकारा कोणी रेकॉर्ड केला असेल, तर तोच वाजवू. काका आयुष्यभर रेकॉर्डिंगच्या विरोधात. शिळं अन्न आणि शिळा पुकारा त्यांना चालत नसे, त्यामुळे काहीच ठेवलेलं नव्हतं. नातेवाइकांना फोन करून करून माझ्या बहिणीच्या लग्नाच्या व्हिडिओत ते सापडले. तसाच भरलेला, गोल, शेवटच्या रांगेपर्यंत जाणारा आवाज. तो म्हणत होता: खुर्च्या जरा मागे घ्या. एवढंच. आम्ही ते बऱ्याचदा लावून ऐकलं. खुर्च्या मागे घेण्यासाठी गावात पुकारा करायची वेळ काही येत नाही.

तिसऱ्यांदा आम्ही दुकानात गेलो तेव्हा दुकानदाराने काऊंटरवर एकही खोकं मांडलं नाही. त्याने आमच्या गाडीच्या सेटला बाहेरून बॅटरी जोडली आणि फोनवरचं गाणं लावलं. स्वच्छ. मला बोलायला सांगितलं. स्वच्छ. मग पोरांना त्याने काहीतरी सांगून चहाला पिटाळलं आणि माइक काकांसमोर धरला.

"आता तुम्ही बोला, काका."

काका बोलले. पाणीपुरवठ्याचाच पुकारा, पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत. एकही शब्द गाळला नाही. कर्ण्यातून काय आलं ते मी लिहीत नाही. दुकानदाराने ते पूर्ण होऊ दिलं, मग सावकाश वायर काढली, गुंडाळली, आणि म्हणाला की या कंपनीच्या मालातच दोष आहे. पुढच्या महिन्यात नवीन माल येतोय, त्यात तुमचा आवाज अगदी पूर्वीसारखा लागेल.

आयुष्यभर दर आठवड्याला 'सेलचा आज शेवटचा दिवस' असं पुकारणाऱ्या माणसाला असलं वाक्य ओळखता येतं. काका त्याच्याकडे बघून हसले. हसण्यालाही आवाज नव्हता. त्यांनी दुकानदाराच्या खांद्यावर थोपटलं, जणू वाईट बातमी त्यालाच मिळाली होती, आणि मला गाडी चालवायची खूण करून स्टँडच्या पुढच्या अडचणीच्या जागेत बसले.

घरी काकू मिक्सरवर काहीतरी वाटत होती. आम्ही आत आलो तसं तिने मिक्सर बंद केला. काका काही बोलायच्या बेतात आहेत हे बघून टीव्ही बंद केला. मग खिडकी लावली, आणि उकाड्याचे दिवस असून पंखाही बंद केला.

काका म्हणाले, "नाही घेतला." ते ऐकू आलं.

त्यानंतर ते बराच वेळ बोलत होते. ओठ हलत होते, मधूनच हाताने कर्ण्याचा आकार दाखवत होते, एकदा माझ्याकडे बोट केलं, एकदा छताकडे. मला त्यातला एकही शब्द कळला नाही आणि पुन्हा सांगा म्हणायचा धीर झाला नाही. काकू समोर बसून ऐकू आल्यासारखी मान हलवत होती. मग ते आतल्या खोलीत गेले तेव्हा मी तिला हळूच विचारलं, काय म्हणत होते?

ती म्हणाली, "मला काय माहीत."