लिहिणारी आणि पाजणारी

३ जानेवारी १९५७. वर्ध्याच्या दवाखान्यात मुलीच्या खाटेशी मी दुपटी वाळत घालत होते. नात सहा दिवसांची झाली, तरी दूध नीट ओढत नव्हती. सटवाईनं नशीब लिहावं म्हणून मी तिच्या उशाशी कोरा कागद ठेवला होता. शेजारच्या खाटेशी बसलेली म्हातारी आपल्या अशक्त नातवाच्या तोंडात कापसाच्या वातीनं दूध पिळत होती. ओघळलं की पुसायची, पुन्हा वात बुडवायची.

"कपाळी असेल तेच होईल," मी दमून म्हटलं.

"सटवाई लिवून जाते बाई, पाजाले थोडीच येते? अन् काय मालूम, मी पाजीन असंच तिनं लिवलं असन!"

तिचं नाव विचारायचं राहिलं. दुसऱ्या सकाळी मी वात भिजवून नातीच्या ओठांशी धरली. पहिला थेंब तिनं बाहेर टाकला. मी दुसरा दिला.