वामनच्या नावाची मूठ

त्या श्रावणात आमच्या कुळाच्या देवीवरचा, कानबाईवरचा, माझा विश्वासच उडाला होता. आमच्याकडे कानबाईच्या नैवेद्याच्या रोटांसाठी घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घेऊन सव्वा मूठ गहू काढतात. मूल तान्हं असलं तरी त्याची मूठ चुकत नाही. कोरीट गावातल्या आमच्या घरी हे काम थोरल्या दिरांकडे. त्या वर्षी सगळी नावं झाली आणि त्यांनी सूप बाजूला सारलं. माझ्या वामनचं नाव आलंच नाही. देवीच्या आजारात त्याचे डोळे गेले होते, आणि होळीनंतर आम्ही त्याला नंदुरबारला अंध मुलांच्या सरकारी शाळेत ठेवलं होतं. राहणं-जेवणं सगळं तिथेच.

मी विचारलं तर दीर म्हणाले, "तो आते आपला घरमा जेवस का? मंग त्यान्हा नावनी मूठ कसाले?"

खरं सांगायचं तर राग दिरांचा नव्हता, स्वतःचाच होता. आठ वर्षांच्या पोराला मीच घराबाहेर काढलं, असं मनाने घेतलं. कानबाईपुढे मी हातसुद्धा जोडले नाहीत. तिचं विसर्जन झालं, तशी गाडी जुंपायला लावली आणि नंदुरबार गाठलं. वामनला कायमचं घरी आणायचं, एवढंच डोक्यात होतं.

शाळेत वर्ग चालू होते, म्हणून मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर जाऊन बसले. आत स्वयंपाकीणबाई परातीत ज्वारीचं पीठ काढत होती. तीही आंधळीच. एका मुलाचं नाव घ्यायची, दोन मुठी पीठ टाकायची, मग पुढचं नाव. मी ऐकत होते. मध्येच ती "वामन" म्हणाली आणि दोन मुठी परातीत पडल्या.

कसंबसं म्हटलं, "मी वामननी माय. त्याले घर लई जावाले उनू."

तिचा हात थांबला. "मंग त्यान्हं पीठ पाछं डब्बामा टाकू का?"

बिचारी पिठाचंच विचारत होती. पण मला हो म्हणवेना. दिरांनी केलं तेच मी माझ्या तोंडाने करणार होते. जिने माझ्या पोराला कधी पाहिलं नाही, ती रोज दोन वेळा त्याचं नाव घेत होती, आणि मी मात्र कानबाई त्याला विसरली म्हणून रुसून बसले होते. "ऱ्हाऊ द्या, माय," एवढंच म्हणाले आणि तिथेच रडले. हा योगायोग होता की आणखी काही, यावर मी कुणाशी वाद घालत नाही.

वामन पोटभर जेवला. बोटांनी कागदावरचे उठावाचे ठिपके चाचपून त्याने मला चार ओळी वाचून दाखवल्या. मी कशासाठी आले होते, ते त्याला सांगितलं नाही. निघताना तो दारापर्यंत आला. मी सवयीने त्याचा हात धरायला गेले, तर तो केव्हाच पुढे होऊन उंबऱ्याशी उभा होता.

"माय, आठे पायरी शे. दखीसन उतर."

मी डोळे पुसले आणि जपून उतरले. माझं लेकरू कानबाईने माझ्याआधीच आपल्या हाती घेतलं होतं. मी फक्त माझा हात मागे घेतला.