नाडगौडा, हलू नका

जेवण जरा जास्तच झालंय. घनसाळ भात, वर आमटी, त्यात मे महिन्यातली आजऱ्याची दुपार. पाचला शोकसभेला जायचंय, तोवर पाठ टेकावी म्हणून पंख्याखाली सतरंजीवर आडवी होते. डोळे मिटतात, कान जागेच. परसातल्या पेरूवर बुलबुलांची जोडी भांडतेय. मग एकाचाच आवाज येतो. मग त्याचाही नाही.

"कुमुदताई, झोपलात?"

दारात नाडगौडा उभे आहेत. तेच, ज्यांची आज शोकसभा आहे. डोक्यावर खाकी टोपी, गळ्यात कॅमेरा, ती लांबलचक लेन्स तान्ह्या पोरासारखी हातावर घेतलेली.

"झोपलेय म्हणून तर आलात," मी म्हणते. "जागेपणी यायची हिंमत होती का?"

ते हसतात. तेच ते हसणं. माझं डोकं फिरतं.

तुम्हाला सांगते, हा माणूस माझ्या हातून निसटला. ओढ्याकाठी बांबूच्या बेटात स्वर्गीय नर्तक पक्ष्याचं घरटं होतं, ते मी शोधलेलं. नर पांढराशुभ्र, डोकं काळं, शेपटीच्या दोन फिती हातभर लांब. एवढा नटवा गडी, पण अंड्यांवर बसायची पाळी आली की मुकाट बसतो, शेपटी घरट्याबाहेर लोंबत सोडून. ते बघायला मी दगडावर तासन्तास बसायचे. डास फोडून काढायचे, पायाला मुंग्या यायच्या, कॅमेरा मांडीवर तसाच राहायचा. फोटो काढायचंसुद्धा सुचायचं नाही. सुख सुख म्हणतात ते मला तिथं मिळायचं, खोटं कशाला बोलू?

घरट्याचा पत्ता कुणालाही सांगायचा नाही, हा आम्हा पक्षीवाल्यांचा नियम. मी सांगितला नव्हताच. नाडगौडा पाळत ठेवून माझ्या मागं आले. पुढं एका सकाळी जाऊन बघते तर घरट्यावरची पानं गायब. फांद्या कात्रीनं तिरक्या छाटलेल्या, ओढ्यात पडलेल्या, अजून हिरव्या. फोटो स्वच्छ यावा म्हणून यांनी सावलीच कापून टाकली होती. पिल्लं उन्हात चोची उघड्या टाकून मेली होती. मुंग्या लागल्या होत्या त्यांना.

त्या फोटोला पहिलं बक्षीस. वर पुन्हा 'पक्ष्यांना त्रास न देता छायाचित्रण' यावर गावोगाव भाषणं! तोंडावर विचारलं तर म्हणाले, "वाऱ्यानं मोडल्या असतील हो." तेव्हाच ठरवलं होतं, चारचौघांत, हा माणूस समोर बसलेला असताना याचं पितळ उघडं पाडायचं. तर हे झोपेत गेले, हार्ट अटॅकनं. आता 'मेल्या' म्हणून शिवी द्यायचीही सोय उरली नाही.

"आज काय बोलणार आहात?" नाडगौडा विचारतात.

"खरं ते."

"अहो, मेल्यावर वैर संपतं म्हणतात."

"बरं आहे की! करायचं ते करायचं आणि मरून मोकळं व्हायचं."

मी उठते. खोलीला भिंती नाहीत. वाचनालयाचा हॉल आहे, खुर्च्या मांडल्यात आणि खुर्च्यांच्या मधून ओढा वाहतोय. व्यासपीठाच्या जागी बांबूचं बेट. जिथं त्यांचा फोटो ठेवायचा तिथं ते स्वतःच स्टुलावर बसलेत, गळ्यात शेवंतीचे हार, पुढ्यात उदबत्ती. माझ्या हातात झाडं छाटायची कात्री आहे. कुठून आली, विचारू नका.

"सावलीत आहात," मी म्हणते. "फोटो नीट यायचा नाही."

एक हार कापते. मग दुसरा. मग मागचा पडदा. मग बांबू, मग छताचा पत्रा. तो कागदासारखा सरसर कापला जातो आणि ऊन धाडकन खाली येतं. त्यांची टोपी काढून मी ओढ्यात फेकते.

"कुमुदताई, पुरे."

"हलू नका. आत्ता कुठं उजेड आलाय."

"घसा सुकलाय हो."

"तोंड उघडं ठेवा. पिल्लांचं तसंच होतं."

ते तोंड उघडं ठेवतात. मला फार बरं वाटतंय. आता दया येईल, मग येईल, म्हणून वाट बघते. येत नाही.

"पहिल्या रांगेत शालन असेल," ते म्हणतात. "बायको आहे माझी. तिच्यासमोर तरी नको."

"वहिनींनी तो फोटो देवघराशेजारी लावलाय. रोज कशाला हात जोडतात, ते त्यांना कळायला नको?"

ते आवाज खाली आणतात.

"तुम्ही बोलला नाहीत तर एक गोष्ट सांगतो. ती जोडी परत आलीये. इकडून सगळं दिसतं. घरटं झालंय, नर अंड्यांवर बसलाय."

माझी कात्री थांबते. त्या सालापासून दर उन्हाळ्यात मी तो ओढा पालथा घातलाय, एक पीस दिसलं नाही. एकदा, फक्त एकदा तो पांढरा गडी शेपटी सोडून बसलेला दिसू दे, शोकसभा गेली खड्ड्यात! 'सांगा' हा शब्द माझ्या ओठावर येतो. येतोच.

नाडगौडांना ते कळतं. ते ओठांवरून जीभ फिरवतात, पुढं वाकतात.

"पुलाच्या खालच्या अंगाला जायचं. तिथं जो वाकडा—"

अरे देवा! हा माणूस मेला तरी घरट्याचा सौदा करतोय! मी कात्री टाकते आणि हाताचा तळवा त्यांच्या तोंडावर दाबते.

"गप्प! पुढचं एक अक्षर नको. मला नाही ऐकायचं!"

ते तळव्याखाली बोलतच राहतात. मी आणखी दाबते. ते डोळे मोठे करतात आणि कचकन चावतात.

फोन वाजतोय. मी सतरंजीवर घामानं भिजून पडलेय, वीज गेलीये. फोनवर आमच्या पक्षी मंडळाचे चिटणीस, रेडेकर.

"ताई, गाडी पाठवतोय. वेळ कमी आहे, तुम्ही फक्त दोन शब्द बोला."

"दोन नाहीत, बरेच आहेत," मी म्हणते. "आणि शालनवहिनींना उठून जाऊ देऊ नका."

यंदा पुलाकडे फिरकायचं नाही, तेही तेव्हाच ठरवून टाकते. असेल तर असू दे तो पांढरा गडी तिथं, सुखानं.

फोन ठेवताना तळवा ठणकतो. उजेडात धरून बघते. दातांच्या दोन कमानी उमटल्यात, वरची नि खालची, एका ठिकाणी रक्त साकळलेलं. तुम्ही म्हणाल, झोपेत स्वतःचाच हात चावला असेल बाईनं. मलाही क्षणभर तसंच वाटतं. पण माझे दात उशाशी वाटीत आहेत, पाण्यात. दोन्ही कवळ्या. तोंडात एक दात नाही माझ्या.

उठते. कवळ्या धुते, नीट बसवते आणि जबडा दाबून बघते. घट्ट बसल्यात.